स्वमग्न मुलाचे घर आणि गाव

नागपूरहून अमरावतीकडे निघालेला रस्ता शहराची सीमा ओलांडून वाडीत शिरतो, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना मालमोटारींच्या रांगा, वाहतूक कंपन्यांची गोदामे, टायरांची आणि सुट्या भागांची दुकाने आणि त्यांच्या पाठीशी दाटीने वाढलेल्या वसाहती दृष्टीस पडतात. अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने, विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून आणि परप्रांतांतूनही, पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी हे गाव वाढवले आणि आज तेथे नगर परिषदेचा कारभार आहे. आजी-आजोबा गावाकडे, बाप पाळीवर किंवा मोटारीवर, आणि मूल वाढवण्याचा सारा भार एकट्या आईवर, अशी घरे येथे गल्लोगल्ली आढळतात. अशा एखाद्या घरात मूल दीड वर्षाचे होऊनही हाकेला वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईच्या डोळ्यांत पाहून हसत नाही, आणि खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे एकच चाक तासन्तास फिरवीत बसते, तेव्हा त्या आईच्या मनात जी शंका उत्पन्न होते, तिचे निरसन करणारे माणूस तिला कोठे आणि किती दिवसांनी भेटते, यावर त्या मुलाच्या पुढील आयुष्याचा मोठा भाग अवलंबून असतो.

पुष्कळदा ते माणूस लवकर भेटत नाही. ‘पोट्टं बोलंल, त्याचा बापही उशिराच बोलला होता’, असे शेजारीण सांगते. सासू नवस बोलते. ‘मोबाइलमुळं असं झालं’ असे नात्यातला कोणी ठामपणे ठरवून टाकतो. आणि या सगळ्या समजुतीच्या, मायेच्या आणि अज्ञानाच्या बोलण्यात दीड वर्षाचे मूल चार वर्षांचे होते. ही जी दोन-अडीच वर्षे हातची जातात, तीच मेंदूच्या वाढीची सर्वांत मोलाची वर्षे असतात. म्हणून, घरच्या वडीलधाऱ्यांचा पूर्ण आदर राखूनही, मला असे स्पष्ट म्हणावेसे वाटते की, या बाबतीत ‘थांबून पाहू’ हा सल्ला कोणी देऊ नये आणि कोणी मानू नये. शंका खोटी ठरली तर नुकसान काहीच नाही.

स्वमग्नता, म्हणजे ‘ऑटिझम’, हा संसर्गाने होणारा किंवा औषधाच्या मात्रेने उतरणारा आजार नव्हे. मेंदूच्या घडणीतच, बहुतांशी जन्मापूर्वीपासून, आलेले ते एक वेगळेपण आहे, आणि त्याच्या मुळाशी आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. दुसऱ्याचे मन ओळखणे, आपले मन त्याला कळवणे, नजर, हावभाव आणि शब्द यांची देवघेव करणे हे अशा मुलाला अवघड जाते. एकच कृती पुन्हा पुन्हा करण्याकडे आणि ठरलेला क्रम न मोडण्याकडे त्याचा ओढा असतो. आणि त्याची इंद्रिये कधी इतरांहून फार तीव्र तर कधी फार मंद असतात. वाडीच्या रस्त्यावर मालमोटारीचा कर्णा वाजला की इतर मुले क्षणभर दचकून पुन्हा खेळू लागतात, परंतु असे एखादे मूल कानांवर हात दाबून रस्त्यातच बसकण मारते आणि काही केल्या उठत नाही. पाहणाऱ्यांना तो हट्ट वाटतो आणि आईला चार लोकांत शरमिंदे व्हावे लागते, पण त्या मुलाच्या दृष्टीने तो आवाज खरोखरच असह्य असतो. काही स्वमग्न मुले मुळीच बोलत नाहीत, काही अखंड बोलतात. काहींची बुद्धी तल्लख असते, काहींना बौद्धिक अक्षमतेचीही जोड असते. एकाचे अनुभव दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने साधारणतः शंभर मुलांमागे एक असा अंदाज दिलेला आहे. हे प्रमाण धरले तर वाडीसारख्या दाट वस्तीत अशी घरे थोडीथोडकी नसणार. परंतु ती आपापल्या भिंतींआड असल्यामुळे प्रत्येक आईला वाटते की असे मूल आपल्याच पदरी आले.

या एकटेपणाला एक इतिहास आहे, आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेची वैद्यकशास्त्राला ओळख करून दिली. पण त्यानंतरची दोन दशके मोठमोठ्या विद्वानांनी असे प्रतिपादन केले की, आईच्या मायेला ओलावा नसल्यामुळे मूल असे आपल्यातच मिटून जाते. आधीच व्यथित असलेल्या मातांच्या माथी हा आरोप मारला गेला आणि तो पुसून टाकण्याचे काम अखेर पालकांनाच हाती घ्यावे लागले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ साली ग्रंथ लिहून या अवस्थेचे मूळ शरीरात, मेंदूत आहे, असे प्रतिपादन केले. त्याच्या दोन वर्षे आधी लंडनमध्ये काही पालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापिली होती. आणि आपल्या देशात १९९१ साली दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था मेरी बरुआ यांनी सुरू केली, त्याही एका स्वमग्न मुलाच्या आई. शाळा, उपचार, कायदे हे सारे मागाहून आले. आधी पालक एकमेकांना भेटले.

आता वाडीच्या आईपुढे प्रत्यक्ष मार्ग कोणता, ते पाहू. तिची पहिली पायरी नागपूर शहरातील मोठ्या इस्पितळाची नसून आपल्याच वॉर्डातील अंगणवाडीची असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, सुरू झाला. त्याअन्वये वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील आणि एकदा सरकारी शाळेतील मुलांची तपासणी करावयाची असते, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ज्या दोषांचा शोध घ्यावयाचा त्यांत स्वमग्नतेचाही समावेश आहे. शंका आल्यास पथकाने मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, ज्याला तेथील लोक ‘डीईआयसी’ म्हणतात, पाठवावे, असा शिरस्ता आहे. आईने मात्र पथकाच्या फेरीची वाट पाहत बसू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला नागपुरात सारे जण नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, तेथील बालरोग आणि मनोविकार विभाग, तसेच मिहानमधील एम्स, येथे सरळ जाता येते. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र, म्हणजे ‘सीआरसी’, नागपुरात आहे. आणि कमलाबाई होस्पेट यांनी १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साहाय्याने सीताबर्डीवर ज्याचा पाया घातला, त्या मातृसेवा संघाने बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी नंदनवन ही विशेष शाळा चालवून या क्षेत्रात नागपूरला फार आधीपासून वाट दाखवली आहे.

म्हणजे नागपूर रिकाम्या हाताचे नाही. अडचण वेगळीच आहे. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार, ज्यांना पालक ‘स्पीच’ आणि ‘ओटी’ म्हणून ओळखतात, हे एकदा जाऊन संपणारे काम नव्हे. आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षे ते चालावे लागते. मेट्रोची वाट अद्याप लोकमान्यनगरापर्यंत, म्हणजे हिंगणा मार्गापर्यंतच आली आहे. वाडीच्या आईला बस किंवा ऑटो यांचाच आश्रय. ज्या मुलाला गर्दी, गोंगाट आणि अनोळखी स्पर्श सोसत नाही, त्याला घेऊन मे महिन्याच्या उन्हात दहा-बारा किलोमीटर शहरात जायचे, पाऊण तासाच्या उपचारासाठी अर्धा दिवस घालवायचा आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, हे किती आठवडे चालेल? आरंभ पुष्कळ घरे करतात. सहा महिन्यांनी नोंदवहीत त्यांची नावे दिसेनाशी होतात, आणि मग ‘पालकांनाच आस्था नाही’ असा शेरा मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे; त्या घरांत आस्थेची उणीव नसते, अंतर त्यांना हरवते.

या अंतरावर उपाय काय, याचे एक फार मोलाचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिलेले आहे. तेथील ‘संगथ’ या संस्थेने डॉ. गौरी दिवाण यांच्या पुढाकाराने, आणि त्याच वेळी पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी, एक प्रयोग हाती घेतला. त्यांनी तज्ज्ञांना मुलांच्या घरी नेले नाही, कारण तितके तज्ज्ञच नाहीत. त्यांनी आरोग्य कार्यकर्त्यांना शिक्षण दिले आणि त्यांच्यामार्फत पालकांना. आई मुलाशी खेळत असताना तिचे चित्रण करायचे, मग तिच्या शेजारी बसून ते तिला दाखवायचे, ‘येथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तेव्हा तुम्ही थांबलात, म्हणून त्याने पुन्हा पाहिले’ अशा रीतीने तिच्याच कृतीतील चांगले तेवढे निवडून तिच्या लक्षात आणून द्यायचे, आणि पुढील भेटीपर्यंत तेच रोज थोडा वेळ करून पाहायला सांगायचे, असा तो क्रम होता. या अभ्यासात पासष्ट मुले होती आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: ज्या पालकांना हे शिक्षण मिळाले ते मुलाच्या कलाने वागू लागले, आणि त्यांची मुले आपण होऊन संवाद सुरू करू लागली. स्वमग्नता यामुळे नाहीशी झाली नाही, तसा कोणाचा दावाही नव्हता. पण ज्या कामासाठी शहर गाठावे लागत होते, त्यातील फार मोठा भाग घरच्या ओसरीवर, गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या मदतीने होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले. वाडीत अंगणवाडी सेविका आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, बारावी झालेल्या आणि काम शोधणाऱ्या मुली आहेत.

घरात काय करता येते, याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. दिवसाचा क्रम चित्रांनी मांडून भिंतीवर लावावा, म्हणजे आंघोळीनंतर जेवण आणि जेवणानंतर बाहेर जाणे हे मुलाला आधीच दिसते आणि त्याची घालमेल कमी होते. लांब वाक्यांऐवजी दोन-तीन शब्दांत बोलावे आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. बोलता येत नसेल तर चित्रांच्या पत्त्यांनी मागायला शिकवावे. चित्रे वापरली तर मूल बोलायचेच नाही, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे.

याच ठिकाणी एक इशारा देणे मला माझे कर्तव्य वाटते. व्यथित पालकांभोवती खात्रीच्या उपचारांचा बाजार फार लवकर जमतो. मूळ पेशींचा, म्हणजे ‘स्टेम सेल’चा उपचार लाखो रुपये घेऊन केला जातो; परंतु राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेवर हा उपचार करण्याची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. गोवराच्या लसीने ही अवस्था येते, हा समज ज्या १९९८ सालच्या निबंधामुळे जगभर पसरला, तो निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, तेव्हा त्या भीतीपायी लस चुकवणे म्हणजे मुलाला एक खरा धोका विनाकारण पत्करायला लावणे होय. शेत विकून, दागिने मोडून कोणी अशा उपचारांच्या मागे लागू नये.

आता कागदपत्रांकडे वळू. हा विषय रुक्ष आहे खरा, परंतु ज्या घरात आयुष्यभराचा खर्च उभा आहे, त्या घरात दिव्यांगत्वाचा दाखला हा मुलाच्या हक्काचा पाया असतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने ते प्रथम कायद्यात आणले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांच्या दिव्यांगत्वात त्याचा समावेश केला. दिव्यांगत्वाची मोजणी चाळीस प्रश्नांच्या एका भारतीय मापनश्रेणीने होते. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय व्यवस्थेत भरून, नेमून दिलेल्या शासकीय इस्पितळातील मंडळासमोर मुलाला न्यावे लागते आणि दाखल्याबरोबर ‘यूडीआयडी’ हे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले की बहुतेक सवलतींची दारे उघडतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि त्यात इस्पितळात न राहता घेतलेल्या उपचारांचाही अंतर्भाव होतो. इतकी उपयुक्त योजना इतक्या थोड्या घरांना ठाऊक असावी, याचा मला खेद होतो. निराधार अनुदानाचा अर्ज नागपूर ग्रामीणच्या तहसील कचेरीत करावा लागतो.

वाडीत संरक्षण खात्याच्या कारखान्यातील कर्मचाऱ्यांची कुटुंबे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचा आदेश २०१४ साली निघाला आणि त्याच वर्षी त्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. तसेच, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला नियमांनुसार आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. परंतु त्याची नोंद आईवडिलांनी आपल्या हयातीत, सेवापुस्तकात, दाखल्यासह करून ठेवलेली असली तर पुढे भावंडांची पायपीट वाचते.

शाळेच्या प्रश्नावर कायदा पालकाच्या बाजूचा आहे. चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळतो. व्यवहारात एका वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या शिक्षिकेला कोणी शिकवले नसेल तर ती तरी काय करणार? म्हणून गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाची नियमित भेट मागण्याचा पालकांनी आग्रह धरावा, आणि शाळेशी भांडण न करता, पण लेखी, धरावा.

या सगळ्या दगदगीच्या तळाशी एकच प्रश्न असतो, आणि आईवडील तो एकांतात एकमेकांना विचारतात: ‘आमच्या माघारी याचं कसं?’ मूल अठरा वर्षांचे झाले की ते कायद्याने सज्ञान ठरते आणि आईवडिलांचे पालकत्व आपोआप उरत नाही. बँकेत, मालमत्तेच्या व्यवहारात अडचण उभी राहते. यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते; तिच्यावर जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. म्हणजे या कामासाठी दिवाणी दावा लावण्याचे कारण नाही. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज करावयाचा असतो.

पालकत्वाचा कागद झाला, तरी घर कोठून आणायचे हा प्रश्न उरतोच. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ आणि दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन सांभाळले, आणि बालगृहातील अशा मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नये, त्यांना तेथेच आयुष्यभर राहू द्यावे, यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बदलापूरला माधवराव गोरे यांनी पालकांना बरोबर घेऊन प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठी ‘आधार’ उभे केले. विदर्भातील स्वमग्न प्रौढांना अशी घरे आणखी पुष्कळ लागतील, आणि आज जी मुले पाच वर्षांची आहेत त्यांच्यासाठी ती पंधरा वर्षांच्या आत उभी राहावी लागतील.

वाडीपुरते पाहिले तर पहिले पाऊल मोठ्या इमारतीचे नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. आणि डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी राज्यात स्वतंत्र विभागही आहे. अनेक ठिकाणी या पाच टक्क्यांचे वाटप वर्षाअखेरीस रोख रकमेच्या रूपाने होते. ती रक्कम गरजू घराला नकोशी नसते, हे मान्य. परंतु तिच्यातील काही भागातून नगर परिषदेच्या एखाद्या समाजमंदिरातील दोन शांत खोल्या, आठवड्यातून दोन दिवस येणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ, गोव्याच्या रीतीने शिकवलेल्या चार-सहा स्थानिक स्त्रिया, आणि वर्षातून एकदा दाखल्यांचे शिबिर, इतके घडले तर अर्ध्या दिवसाचा तो प्रवास आणि बुडालेली मजुरी पुष्कळ घरांची वाचेल. त्याच खोलीत महिन्याच्या एका रविवारी पालकांनी एकत्र बसावे. कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो, कोणता डॉक्टर मुलाला वेळ देतो, रात्री मूल झोपत नसेल तर काय करावे, हे ज्ञान पुस्तकांत कमी आणि अशा बैठकीत अधिक मिळते.

म्हणून वाडीत ज्या घरी असे मूल आहे, त्या घराने ते लपवू नये, आणि ज्यांच्या शेजारी असे घर आहे त्यांनी त्या आईला एक तासाची उसंत द्यावी. दहा-पंधरा घरे एकत्र आली तरी पुरे आहे. त्यांनी पुढील अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे या दोन खोल्यांच्या मागणीचा अर्ज सर्वांच्या सह्यांनिशी द्यावा, आणि आवक-जावक विभागातून त्याची पोच घ्यावी.